बीम संपायच्या आत

पहाटे साडेपाच

पहाटेचं फिरणं हा माझ्या बँकेच्या कामाचाच भाग आहे. राजवाडा चौकातून निघून गल्ल्यागल्ल्यांतून चालत गेलं की शहराची आर्थिक तब्येत कानावर पडत जाते. रात्रपाळी सुटायला अजून अवकाश असतो. साध्या मागाचा धोटा आपटतो तो आवाज वेगळा, धोटा नसलेल्या रेपियर मागाचा वेगळा. ज्या शेडमध्ये परवापर्यंत सोळा माग चालू होते तिथून आज निम्म्यांचाच आवाज येत असेल, तर कामगार गावाला गेलेत, नाही तर सूत आलेलं नाही, नाही तर कापडाला उठाव नाही. कारण तिसरं असेल तर दोन-तीन महिन्यांत ती शेड माझ्या टेबलावर थकबाकीच्या यादीत येणार, हे मला तिथेच गल्लीत कळतं.

इचलकरंजीबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच 1904 साली हिंदुस्थान सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. पुढे या गावात माग आणि सहकारी बँक यांची अशी गाठ पडली की एकाचं दुसऱ्यावाचून चालेना. आज लाखाच्या आसपास माग आहेत आणि त्यांतले पुष्कळसे खर्चीवाल्यांचे आहेत. खर्चीवाल्याचं सूतही दुसऱ्याचं आणि विणलेलं कापडही दुसऱ्याचंच. माग, जागा, वीजबिल आणि कामगाराचा पगार एवढं मात्र त्याचं. त्याला मजुरी मिळते ती मीटरवर, पिकांच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने. ती हातात पडायला पेढीची जी पेमेंट धारा ठरली असेल तेवढे दिवस थांबावं लागतं, आणि मंदी आली की धारा लांबते. कामगाराला मात्र आठवड्याला पगार द्यावा लागतो आणि विजेचं बिल महिन्याला येतं.

पैसा जाण्याची तारीख आणि येण्याची तारीख यांच्यामधली ही फट भरणं, हेच इथल्या बँकेचं काम. बँकेने वेळेवर भरली नाही तर ती महिन्याच्या शेकड्याने व्याज लावणारा सावकार भरतो. माझे वडील खर्चीवाले होते. सावकाराचा माणूस दारात येऊन बसला की आमच्या घरी जेवणाची पानं वाढायची थांबत. मी या कामात पडलो त्याचं कारण ते आहे.

सात

घरी परतलो की ओसरीवर तीन-चार माणसं बसलेली असतात. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर घरात पिंपं भरण्याची घाई आणि बाहेर ही माणसं. सौ. चहा देते. माझा नियम सगळ्या गावाला ठाऊक आहे: घरी कर्जाविषयी बोलायचं नाही. कर्ज हवं असेल तर शाखेत अर्ज, आणि अर्जाला पोच. घरी यायचं ते औषधपाण्यासाठी, फीसाठी, अडल्यानडल्यासाठी.

आज एक माग कामगार मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी आला होता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तिची गुणपत्रिका, तीही लॅमिनेट केलेली. मी कधी गुणपत्रिका मागत नाही, पण बापाला ती दाखवायची असते, म्हणून नीट वाचतो. “अण्णा, पोरगी हुशार हाय, पर यंदा आमच्या मालकानं आठ माग भंगारात काढले,” तो म्हणाला. फी आम्ही थेट कॉलेजच्या खात्यावर भरतो. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही. रोख रक्कम घरात आली की थकलेलं भाडं, किराणा आणि पाहुणे तिला आधी गाठतात, आणि फीची तारीख टळते. दोन सह्या, एक फोन, काम झालं. हो म्हणायचं असेल तर ताटकळत ठेवू नये, आणि नाही म्हणायचं असेल तर त्याहूनही ठेवू नये, कारण त्या माणसाला दुसरं दार गाठायचं असतं.

हा पैसा माझा. दर पाडव्याला मी माझ्या स्वतःच्या कारखान्याच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यावर काढून ठेवतो आणि वर्षभर त्यातूनच देतो. गावातल्या पुष्कळांना वाटतं की बँकेच्या अध्यक्षाला दान करायला काय जातं, तिजोरी त्याच्याच हातात. म्हणून सगळ्यांना समजेल असं एकदा सांगून ठेवतो. सहकारी बँकेच्या निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो. सभासदांना लाभांश द्यायचा तर कायद्याने पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. देणग्यांना रिझर्व्ह बँकेने मागच्या वर्षीच्या जाहीर नफ्याच्या एक टक्क्याचं कुंपण घातलंय, आणि ज्या संस्थेत संचालक किंवा त्याचे नातेवाईक पदावर असतील तिला तेवढंही देता येत नाही. मी ज्या विश्वस्त संस्थेचं काम बघतो तिला आमच्या बँकेचा एक रुपया जात नाही. हे कुंपण योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. सहकारात जे जे बुडालं त्यातलं पुष्कळसं दुसऱ्याच्या पैशावर मोठेपणा मिरवण्यातून बुडालं.

साडेनऊ

मुख्य शाखा. दार उघडायच्या आधी मी पिग्मी गोळा करणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसतो. ही मंडळी काल संध्याकाळची रक्कम भरायला आलेली असतात. पिग्मी ठेव उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने 1928 साली सुरू केली, दिवसाला दोन आण्यांपासून. टी. एम. ए. पै यांची ती कल्पना. विणकरांच्या गावाला ती पक्की मानवली, कारण इथे पैसा आठवड्याला येतो आणि आठवड्यातच जातो. तो घरी पोचायच्या आत त्यातला थोडा बाजूला काढायला कुणीतरी रोज दारात यावं लागतं.

आता त्यांच्या हातात मोबाइल आणि छोटं छपाई यंत्र आलंय, पण कामाचा जीव तोच आहे. आमचा एक जुना पिग्मीवाला मला कर्जदारांविषयी जेवढं सांगतो तेवढं कुठल्याही पतमानांकनाच्या कागदातून कळत नाही. त्याने आज सांगितलं की थोरात चौकाच्या बाजूला वहिफणी करणारे तिघे-चौघे आठवडाभर पिग्मी देत नाहीयेत. नवी बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, मागावर चढवताना ताण्याची हजारो तारं एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवायची, हे त्यांचं काम. समोरासमोर बसून एक तार पुढे करतो, दुसरा आकड्याने ती ओढून घेतो, नजर हलली की चूक. त्यांना काम नाही याचा अर्थ नवी बीम चढत नाहीयेत. मी डायरीत लिहून घेतलं: सूत व्यापाऱ्यांकडे चौकशी.

शाखेत पहिली आली ती धोट्यातली सुताची कांडी भरणारी एक मावशी. वर्षभर रोज पन्नास रुपये भरून तिची पिग्मी पुरी झाली होती. रोखपालाने रक्कम मोजून दिली, तिने पुन्हा मोजली, आणि त्यातली निम्मी लगेच मुदत ठेवीत टाकली. बोटांना सुताने पडलेले चरे होते. अंगठा यंत्रावर उमटेना. कांडीवाल्या बायांच्या बाबतीत हे नेहमी होतं, म्हणून आम्ही एका मुलीला खास बसवलंय, ती हात पुसून, तेलाचं बोट लावून, दुसऱ्या बोटाने प्रयत्न करून काम उरकते आणि “उद्या या” असं कुणाला म्हणत नाही. मावशीचा उद्याचा दिवस म्हणजे एक खाडा.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयांच्या वर काढता येईना, तेव्हा मुंबईतली ती बातमी इथल्या कांडीवाल्या बायांपर्यंत एका दिवसात आली होती. त्या वेळी ठेव विमा एक लाखाचा होता. 4 फेब्रुवारी 2020 पासून तो पाच लाखांचा झाला. आमच्या दारात त्या आठवड्यात ज्या बाया येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, त्यांनी पैसे काढले नाहीत, फक्त विचारलं, “अण्णा, हाय न्हवं सगळं?” त्यांना उत्तर देण्यासाठी ताळेबंद स्वच्छ असावा लागतो. बँकवाल्याच्या परोपकाराची पहिली पायरी तीच. ठेव मागेल त्या दिवशी परत मिळाली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

अकरा

मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मी, दोघंच. रोजच्या कारभारात अध्यक्षाने हात घालायचा नाही, तो त्यांचा. मी फक्त यादी मागतो, तीस दिवस थकलेले, साठ दिवस थकलेले आणि नव्वदच्या उंबरठ्यावर आलेले यांची. नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादक होतं आणि मग त्या माणसाला नवं काही देणं अवघड होऊन बसतं. म्हणून खरं काम तिसाव्या दिवशी असतं. तेव्हा नोटीस पाठवून काही मिळत नाही, माणूस पाठवावा लागतो.

आजच्या यादीत सात जण एकाच पेढीला कापड देणारे निघाले. म्हणजे पेढी अडलीय, हे सात जण नव्हेत. 2024 च्या एप्रिलपासून आयकरात तरतूद आलीय: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, करार नसेल तर पंधरा, नाहीतर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीत दाखवता येत नाही. कायदा विणकराच्या बाजूचा आहे. पण तो लागू व्हायला विणकराची उद्यम नोंदणी हवी, बिल हवं, आणि पेढीशी वाकडं घ्यायची तयारी हवी. शेवटची गोष्ट आठ मागवाल्याजवळ नसते. आम्ही दर महिन्याला एका शाखेत नोंदणी करून देणारा कारकून बसवतो. नोंदणीचा खर्च शून्य आहे. अडतं ते सगळं आधार आणि मोबाइल नंबरावर. त्या सातांपैकी चौघांची नोंदणी झालेली निघाली, तिघांची आजच करून घ्यायला सांगितलं.

साडेबारा

कर्ज उपसमितीची बैठक. बसल्याबरोबर एका अर्जावरून मी उठून बाहेर गेलो, कारण अर्जदार माझ्या मेहुण्याचा भागीदार होता. 2003 च्या ऑक्टोबरपासून नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देणं बंद आहे, स्वतःच्या ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवर घेतलेलं सोडून. भागीदार हा नातेवाईक नव्हे, नियमाची अडचण नव्हती. पण मी खोलीत असताना बाकीच्यांनी मोकळं बोलावं ही अपेक्षा करणं बरोबर नाही. माझ्या सख्ख्या पुतण्याने एअरजेट माग घेतले तेव्हा त्याला दुसऱ्या बँकेचं दार धरावं लागलं. भाऊ बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

आज मला ज्या अर्जाविषयी सांगायचंय तो सहा मागांचा आहे. मालक मागच्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नी माग चालवतात. दिवसपाळीला स्वतः उभ्या राहतात, रात्रपाळीला एक ओडिशाचा मुलगा ठेवलाय. शेड नवऱ्याच्या नावावर, वीजजोड नवऱ्याच्या नावावर, वारसा नोंद अजून व्हायची, दोन दीर आणि एक नणंद यांची संमती बाकी. कॅश क्रेडिट हवं तर कागद पुरे हवेत. आणि त्यांच्या चार मागांवरची बीम परवा संपणार होती. बिल थकलंय, वीज तुटली तर पेढी पुढची बीम दुसऱ्याच्या मागावर पाठवणार. एकदा दुसरीकडे गेलेलं काम परत यायला महिने लागतात.

त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. पदराखाली हाताची मूठ. मूठ उघडली तेव्हा पाटल्या होत्या.

“वहिनी, तारण ठेवायला हरकत नाही,” शाखाधिकारी म्हणाले, “पण घरी विचारलंय ना?”

“विचारायचं कुणाला साहेब आता? माग बंद पडलं तर मग विचारतील सगळी.”

सोनेतारणाला जागेचे कागद लागत नाहीत म्हणूनच ते इतकं चालतं. सराफाने पाटल्या कसावर घासल्या, वजन केलं, लाखेचं आणि सोन्याचं वजन वेगळं धरलं, नियमात बसेल तेवढी रक्कम सांगितली. चार वाजायच्या आत बिल भरून पावती त्यांच्या हातात पडली. इथपर्यंत काम कुठलीही सोनेतारणवाली कंपनी करते. आमचं काम पुढचं आहे. मी उपसमितीत ठराव मांडला की या खात्याची कॅश क्रेडिटची फाइल आजच उघडायची, बँकेच्या वकिलाने वारसा नोंदीच्या कागदांची यादी त्यांना मराठीत, साध्या भाषेत लिहून द्यायची, आणि दिरांशी बोलायला एक संचालक घरी जाणार. कागद पुरे झाले की कॅश क्रेडिटमधून तारण सुटेल आणि पाटल्या त्यांच्या हातात परत जातील. विजेच्या बिलासाठी बाईच्या अंगावरचं सोनं वर्षानुवर्षं तिजोरीत अडकून पडणं ही बँकेची नामुष्की आहे, मग त्यावर व्याज कितीही नियमित येवो.

एका संचालकांनी विचारलं, सहा मागांसाठी एवढा वेळ? मी म्हटलं, शंभर मागवाल्याला पाच बँका फोन करतात. सहावाल्यांना आपणच आहोत.

दोन

डबा. भाकरी, आमटी, दही. वीस मिनिटं डोळे मिटून खुर्चीतच.

तीन

वसुलीसाठी मी महिन्यातून काही वेळा स्वतः जातो, यड्रावच्या बाजूला, तारदाळला, कबनूरला. आजची शेड कुलूपबंद होती. मालक वयाने माझ्याएवढा. त्याने तंत्रज्ञान सुधारणेच्या योजनेत, म्हणजे 1999 पासून 2022 पर्यंत चाललेल्या केंद्राच्या त्या योजनेत, अनुदान मिळेल या हिशोबावर नवे माग घेतले होते. अनुदान उशिरा आलं, हप्ता मात्र तारखेला लागत गेला. आधी 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी त्याच्या जुन्या शेडमध्ये शिरलं होतं. मोटारी गेल्या, चढवलेली बीम गेली. मग कोरोनातली टाळेबंदी. त्याने कुलूप काढून दाखवलं. साध्या मागांची सांगाडी सुटी करून भिंतीला लावलेली, भंगारवाला किलोवर भाव सांगून गेलेला. ओतीव लोखंडाच्या त्या चौकटींवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि सुती धुळीचा थर बसलेला असतो. हाताला लागला की साबणाने जात नाही.

आमच्याकडे कायद्याची ताकद आहे. सहकार कायद्याखाली वसुली दाखला मिळतो. सरफेसी कायद्याखाली जप्तीही करता येते. सहकारी बँकांना तो कायदा लागू होतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2020 रोजी मिटवला, आणि तो खटला आमच्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचा होता. निकाल आला तेव्हा आम्हा सगळ्या बँकवाल्यांना हायसं वाटलं. पण लिलावात चालू मागालाही भंगाराचा भाव येतो, कारण बोली लावणाऱ्याला माहीत असतं की विकणारा अडलाय. बुडवणारा आणि बुडालेला यांत फरक करायचा असतो, आणि तो कागदावर दिसत नाही, शेडमध्ये दिसतो. ज्याने आपल्या नावावरचं घर बायकोच्या नावावर करून, नवी गाडी घेऊन, आमचा हप्ता थांबवला त्याच्यासाठी जप्तीच योग्य. तिथे मी कुणाची शिफारस ऐकत नाही, आमदाराचीही नाही. हा माणूस तसा नव्हता. त्याच्या अंगणात गाडी नव्हती आणि भिंतीवरचं रंगाचं काम अर्धवट होतं.

आम्ही असं ठरवलं: नवे माग त्याने स्वतः, बँकेच्या लेखी संमतीने, सावकाश गिऱ्हाईक बघून विकायचे. पैसे थेट कर्जखात्यात. शेड भाड्याने द्यायची, भाडंही कर्जखात्यात. उरलेल्या रकमेचा तडजोडीचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे येईल, नियमात बसला तर मंजूर होईल. मी कुठलंही वचन दिलं नाही. सूट द्यायची ती ठेवीदाराच्या पैशातली असते, कांडीवाल्या मावशीच्या पन्नास रुपयांतली. ती देताना मला मोठ्या मनाचा म्हणवून घेण्याचा हक्क नाही. तिचे पैसे जास्तीत जास्त कशाने परत येतात, एवढंच मी बघायचं, आणि इथे ते जप्तीपेक्षा सबुरीने जास्त येतील असा माझा हिशोब आहे.

पाच

रोकड जुळली. पैशाचाही फरक नाही. शाखाधिकाऱ्याने वहिफणीवाल्यांची चौकशी करून निरोप दिला: सुताचा भाव वर गेलाय म्हणून व्यापारी थांबलेत, आठवड्यात सुटेल. पगाराच्या दिवशी पैसे काढायला गर्दी जास्त होईल, रोकड वाढवून ठेवायला सांगितली.

साडेसहा

इथून पुढचा वेळ विश्वस्त संस्थेचा. आमची दोन कामं आहेत, डायलिसिस केंद्र आणि अभ्यासिका. त्यांपैकी अभ्यासिकेवर माझा जीव जास्त आहे, आणि ते मी लपवत नाही.

मागवाल्याचं घर पुष्कळदा कारखान्याला लागून किंवा वरच्या माडीवर असतं. एक खोली, खाली दोन पाळ्या माग चालणार. भिंतीला हात लावला तर थरथर लागते. त्या खोलीत दहावीचं पोर बीजगणित कसं करणार? आवाज इतका असतो की बाप घरातही ओरडून बोलतो, त्याला सवयच लागलेली असते. मुलांनी वर्गात पहिल्या बाकावर बसूनही बाईंचं नीट ऐकू येत नाही म्हणावं, असंही आम्ही पाहिलंय. म्हणून अभ्यासिका माग नसलेल्या गल्लीत घेतली. रात्री अकरापर्यंत उघडी. टेबल, पंखा, दिवा, प्यायचं पाणी, आणि मुलींना घरी सोडायला एक रिक्षा. शिकवणी नाही, भाषणं नाहीत. शांतता आणि उजेड एवढंच आम्ही देतो. त्या रिक्षाचा खर्च बाकी सगळ्या खर्चाहून महत्त्वाचा ठरला. ती सुरू झाली आणि मुली यायला लागल्या.

आज आठ वाजता तिथे एक बिहारी मुलगा मराठीचं पाठ्यपुस्तक घेऊन बसला होता. बाप सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये, आई कांडीला. शेजारची मुलगी त्याला शब्द सांगत होती, तो ते अडखळत, हिंदीच्या वळणाने वाचत होता. या शहराचे पुष्कळ माग आता अशाच दुरून आलेल्या माणसांच्या हातावर चालतात. त्यांची मुलं इथेच वाढतायत. बँकेत त्यांची खाती उघडताना पत्त्याच्या पुराव्यावर अडतं, तसं अभ्यासिकेत काही अडत नाही, नाव सांगा आणि बसा.

येताना आपटे वाचन मंदिरात डोकावलो. 1974 साली या गावात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, पन्नासावं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष. माझ्या वडिलांच्या पिढीतले मागवाले त्या मांडवात जाऊन बसले होते. पु.ल. आणि सुनीताबाई यांनी आपल्या प्रतिष्ठानातून ज्या रीतीने देणग्या दिल्या, संस्था पारखून, हिशोब बघून, आपल्या नावाचा बोभाटा न करता, ती रीत आम्ही विश्वस्तांनी पुढे ठेवलीय. दान देताना कर्ज देण्याइतकीच छाननी करावी, असं माझं मत त्यातून पक्कं झालं. संस्थेला पैसे दिल्यावर वर्षाने जाऊन ताळेबंद बघणारा दाता फार कमी वेळा भेटतो.

साडेनऊ

जेवण झालं की उद्याच्या संचालक मंडळाचे कागद. सूनबाई सनदी लेखापाल आहे. तिला मी बँकेचे कागद दाखवत नाही, पण संस्थेचा हिशोब तीच तपासते, आणि आज तिने डायलिसिसच्या वाहनखर्चाची दोन बिलं पावतीअभावी बाजूला काढली. माझ्याच सहीची होती. पावत्या आल्याशिवाय खर्ची पडणार नाहीत, असं तिने सांगितलं.

दहाच्या सुमारास एका सायझिंगवाल्यांचा फोन आला. वडिलांच्या स्मरणार्थ डायलिसिसचं एक यंत्र द्यायचंय, उद्घाटनाला पालकमंत्री आणूया, दारावर नावाची पाटी हवी. मनाने चांगला माणूस आहे, वडिलांवर जीव होता. मी त्यांना सगळं सांगितलं. आमच्याकडे यंत्रं पुरेशी आहेत, कमी पडतात ते तंत्रज्ञ, शुद्ध पाण्याचा संच आणि दर वेळेला बदलायच्या नळ्या-सुया. दर आठवड्याला दोन-तीन वेळा यायचं, जन्मभर यायचं, असा तो आजार आहे. एकदाच दिलेल्या यंत्राने तो भागत नाही. पाटी जरूर लावू, पण पाच वर्षांच्या देखभालीचा आणि एका तंत्रज्ञाच्या पगाराचा करार करा. रक्कम हप्त्याने दिली तरी चालेल.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णा, तुम्ही दानालाही हप्ता लावता?”

“लावतो. चुकला तर घरी येतो.”

उद्या अकरा वाजता ते दिवाणजींना घेऊन येतायत. मी त्यांना पॅन कार्ड आणि दोन साक्षीदार आणायला सांगितलंय.